गाडीची परीक्षा शेवटच्या रांगेत

एक काळ असा होता की, आपल्या वस्तीत चारचाकी गाडी शिरायची ती दोनच कारणांनी. एक तर कुणाच्या तरी मंगल परिणयासाठी भाड्याने आणलेली, नाहीतर आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी धावपळ करून मिळवलेली. आज चित्र पालटले आहे. गिरणी कामगार, सफाई कामगार, रेल्वेतील खलाशी यांची मुले-मुली शिकली. कुणी परिचारिका झाली, कुणी शिक्षक, कुणी बँकेत लागला, कुणी स्वतःचा टुरिस्ट व्यवसाय सुरू केला. हप्त्याने का होईना, दारात स्वतःची गाडी उभी राहू लागली. ही आनंदाची बाब आहे आणि ती मान्य करण्यात कसलाही संकोच नको.

आपली कुटुंबे मोठी. आई-वडील, दोन भाऊ, त्यांची मुले आणि एखादी आत्या किंवा मावशीही घरातच. त्यामुळे पाच जणांची गाडी पुरत नाही आणि बोलणे 'सात सीटर'वर येऊन थांबते. त्यातही सर्वाधिक विचारली जाणारी गाडी म्हणजे मारुती सुझुकीची अर्टिगा. ही गाडी एप्रिल २०१२ मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची नव्याने घडवलेली दुसरी आवृत्ती आली. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात तिच्या १ लाख ९० हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. या लेखासाठी आपल्या ओळखीतील पाच कुटुंबांशी मी बोललो. सगळ्यांकडे २०१८ नंतरची गाडी आहे. दोघांनी त्याआधी जुनी अर्टिगा वापरलेली आहे. ही कोणत्याही कंपनीची जाहिरात नव्हे की निंदाही नव्हे. कष्टाचा पैसा घालण्यापूर्वी आपल्या माणसांनी काय पाहावे, एवढाच हेतू आहे.

ओम्नी ते अर्टिगा

कुटुंबासाठी व्हॅन ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. १९८४ साली मारुतीने पहिली व्हॅन आणली. पुढे ती ओम्नी या नावाने घराघरांत माहीत झाली. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, सरकणारे दरवाजे आणि आत माणसे बसवावीत तितकी बसत. शाळेची मुले, भाजीपाला, मंडपाचे सामान, रुग्णवाहिका अशी सगळी कामे त्या गाडीने केली. पण तिची एक बाजू कोणी बोलत नसे. इंजिन पुढच्या सीटच्या खाली आणि समोर बॉनेट जवळजवळ नाहीच. समोरून धडक बसली की चालकाचे गुडघे हेच बंपर! सुरक्षिततेचे नियम कडक झाल्यावर २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले.

अर्टिगा ही त्यापुढची पायरी. बाहेरून ती मोटारीसारखी, पुढे बॉनेट असलेली आणि आत तीन रांगा. २०१२ साली तिची सुरुवातीची किंमत ५ लाख ८९ हजार होती. २०१८ च्या नव्या आवृत्तीची सुरुवात ७ लाख ४४ हजारांपासून झाली. हे दोन्ही आकडे दिल्लीतील शोरूमचे, रस्त्यावर येण्याचा खर्च वेगळा.

नव्या बांधणीत काय बदलले?

नवी आवृत्ती म्हणजे जुन्या गाडीला नवा रंग दिलेला नाही, तर खालचा सांगाडाच बदललेला आहे. लांबी ४,३९५ मिलिमीटर झाली, म्हणजे २०१५ नंतरच्या जुन्या गाडीपेक्षा सुमारे १०० मिलिमीटर जास्त. रुंदी १,६९५ वरून १,७३५ वर गेली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर मात्र २,७४० मिलिमीटर एवढेच राहिले. पेट्रोल इंजिन १,३७३ सीसीवरून १,४६२ सीसीचे झाले. तिसरी रांग उभी ठेवून मागे जी डिकी उरते, ती १३५ लिटरवरून २०९ लिटर झाली. सोप्या भाषेत सांगायचे तर पूर्वी सात माणसे बसली की दोन पिशव्या ठेवायला जागा नसे, आता दोन मध्यम बॅगा उभ्या राहतात. तिसऱ्या रांगेची पाठ थोडी मागे कलती करण्याची सोयही आली. डिझेलचे इंजिन मात्र एप्रिल २०२० पासून बंद झाले. आता पेट्रोल किंवा सीएनजी, एवढेच पर्याय आहेत.

मालक काय म्हणतात?

रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका उपासकांनी जुनी अर्टिगा पाच वर्षे वापरली आणि नंतर मुलाने नवी घेतली. ते म्हणाले, "जुन्या गाडीत मागे बसलो की गुडघे छातीला लागत. नवीत पाय थोडे मोकळे होतात. पण माझ्या वयाच्या माणसाला मागे चढणे अजूनही जड जाते." कारण साधे आहे. मागे जाण्यासाठी मधली सीट पुढे सरकवावी लागते आणि उरलेल्या फटीतून वाकून आत शिरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजीला हे जमत नाही.

एका परिचारिका भगिनीचे मत वेगळे आहे. त्यांच्या घरी सासूबाई, दोन मुले, दीर आणि जाऊबाई आहेत. त्यांना गाडी चालवायला हलकी वाटते. क्लच मऊ आहे, गल्लीत वळवायला त्रास होत नाही आणि उंच बसल्यामुळे रस्ता नीट दिसतो. रात्रपाळीहून परतताना आता कुणाच्या भरवशावर राहावे लागत नाही, हे त्यांनी विशेष आवर्जून सांगितले. आपल्या भगिनींनी गाडी चालवायला शिकणे हा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घरात गाडी आहे आणि ती फक्त पुरुषच चालवतो, असे असेल तर ती अर्ध्याच कुटुंबाची गाडी झाली.

टुरिस्टचा व्यवसाय करणाऱ्या एका तरुणाकडे सीएनजीची गाडी आहे. त्याचे म्हणणे असे की शहरात आणि सपाट रस्त्यावर सीएनजीला तोड नाही. पण सात माणसे, सामान आणि एसी चालू असेल, तर कसारा घाटात गाडी दमते. दुसऱ्या गिअरवर यावेच लागते. शिवाय गॅसची टाकी डिकीतच बसते, त्यामुळे नव्या बांधणीत वाढलेली जागा पुन्हा जाते. नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या कुटुंबाने बॅगा ठेवायच्या कुठे? मग छतावर कॅरिअर बांधावे लागते.

चौथे कुटुंब दोन भावांचे आहे. त्यांनी मिळून गाडी घेतली आहे आणि त्यांना इंजिनाबद्दल तक्रार नाही. पाचव्या कुटुंबातील शिक्षक बंधूंनी सांगितले की सहा वर्षांत वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केल्यामुळे मोठा खर्च आलेला नाही. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, ही बाब त्यांना महत्त्वाची वाटते.

शेवटच्या रांगेत कोण बसते?

पाचही घरी मी एक प्रश्न मुद्दाम विचारला. प्रवासाला निघताना कोण कुठे बसते? उत्तर जवळजवळ सगळीकडे सारखेच आले. पुढे घरातील कर्ते पुरुष, मध्ये वडीलधारी आणि पाहुणे. शेवटच्या रांगेत मुले, धाकटी सून, आणि घरात असेल तर एकटी राहिलेली आत्या.

२०१८ मध्ये आलेल्या गाडीत मधल्या रांगेसाठी छताला एसीचे वेगळे झरोके होते. त्या गाडीत मागे ती हवा पोहोचते ती उरलीसुरली. मागची जागा चाकांच्या वर येत असल्यामुळे खड्ड्याचा धक्काही तिथेच जास्त लागतो. चार तास मागे बसून ज्या बाईला उलटी होते, तिलाच मुक्कामी पोहोचल्यावर स्वयंपाकाला लागावे लागते. मग ती म्हणते, "तुम्ही जा, मी घरीच थांबते." आणि आपण समजतो, तिला प्रवासाची आवडच नाही!

विषमता फक्त गावच्या पाणवठ्यावर असते असे नाही. ती सात सीटर गाडीतही आपल्याबरोबर प्रवास करते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, गाडीची परीक्षा पुढच्या सीटवरून करू नये, शेवटच्या रांगेतून करावी. तिथे बसणारे माणूस सुखात पोहोचले, तर ती गाडी कुटुंबाची. पुढे चकचकीत पडदा आहे की नाही, गाणी वाजतात की नाही, हे नंतरचे.

दोन भावांच्या त्या घरात मात्र एक चांगली पद्धत पाहिली. दर दोन तासांनी चहाला थांबले की जागा बदलायच्या. गुडघेदुखी असलेल्या आई तेवढ्या मधल्या रांगेत कायम राहतात, बाकी सर्वांनी पाळीपाळीने मागे बसायचे. त्यात पुरुषही आले. या पद्धतीला पैसा लागत नाही, फक्त मन लागते.

गाडी आणि मान

गाडी हा आपल्यासाठी केवळ सोयीचा प्रश्न कधीच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत दोन प्रवास नोंदवून ठेवले आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात ते वाचायला मिळतात. पहिला प्रवास १९०१ सालचा, बाबासाहेब लहान असतानाचा. वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला ही भावंडे आणि भाचे मसूर स्टेशनवर उतरले. मुलांची जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला शेजारून पायी चालेल. वाटेत रात्री त्यांना प्यायला पाणीसुद्धा मिळाले नाही.

दुसरा प्रवास १९२९ सालचा, चाळीसगावचा. तोपर्यंत बाबासाहेब परदेशातून उच्च पदव्या घेऊन आले होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सभासद होते. तरीही टांगेवाले त्यांना घेऊन टांगा हाकायला राजी झाले नाहीत. टांगा मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतील माणसानेच तो हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन प्रवासांकडे पाहिले की आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा अर्थ कळतो. ज्यांना भाडे देऊनही कोणी बसवून घेत नव्हते, त्यांची नातवंडे आज स्वतः चाक हातात घेत आहेत. हा मान कष्टाने आणि शिक्षणाने मिळालेला आहे. पण चाळीसगावचा प्रसंग आणखी एक गोष्ट सांगतो. वाहन मिळाले तरी ते हाकण्याचे ज्ञान आणि सुरक्षितता नसेल, तर जीव धोक्यात येतो. आज आपल्यावर कोणाची सक्ती नाही. तेव्हा न शिकता, न पाहता गाडी रस्त्यावर आणण्याचे कारणही उरलेले नाही.

सुरक्षितता कशी तपासावी?

ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून त्यांची चाचणी घेते आणि पाचपैकी तारे देते. २०१९ मध्ये अर्टिगाला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येकी तीन तारे मिळाले. पुढे चाचणीचे नियम कडक झाले. २०२४ मध्ये आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या अर्टिगाची नव्या नियमांनुसार चाचणी झाली, तेव्हा मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोनच तारे मिळाले. त्या गाडीत दोन एअरबॅग होत्या. २०२५ मध्ये आपल्याकडे सर्व प्रकारांत सहा एअरबॅग देण्यास सुरुवात झाली. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ती कोणत्या साली तयार झाली, हे कागदावर पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. नवी घेणाऱ्यांनी बाजूची एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे शोरूममध्ये स्पष्ट विचारावे.

एअरबॅग कितीही असोत, पट्टा बांधला नाही तर उपयोग नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी महागडी होती, पण मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. कायद्याने मागच्या सीटवरही पट्टा बंधनकारक आहे आणि दंड एक हजार रुपये आहे. दंडाचे सोडा, मागे बसलेली आपली लेकरे आहेत.

आणखी एक कटू गोष्ट. १ जानेवारीला भीमा कोरेगाव असो, २० मार्चला महाड असो की ६ डिसेंबरला चैत्यभूमी, सात जणांच्या गाडीत दहा-अकरा जण कोंबून नेण्याची सवय आपल्यात आहे. भावना चांगली असते, कुणी मागे राहू नये. पण गाडीचे ब्रेक आणि टायर सात जणांच्या वजनाचा हिशेब करून दिलेले असतात. जास्त माणसे असतील, तर विहाराच्या मंडळाने मिळून बस ठरवावी. अभिवादनाला निघालेले माणूस घरी सुखरूप परतले पाहिजे.

हिशेबाची वही

आता पैशांचे बोलू. समजा ८ लाखांचे कर्ज काढले आणि व्याज ९ टक्के आहे. पाच वर्षांची मुदत घेतली, तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज जवळपास १ लाख ९६ हजार. सात वर्षांची घेतली, तर हप्ता सुमारे १२,८७० रुपयांवर येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. विक्रेता आपल्याला लहान हप्ता दाखवतो, ८५ हजारांचे जादा व्याज दाखवत नाही.

हप्त्याशिवाय इंधन, विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पार्किंग आहे. सात वर्षांच्या मुदतीतही सगळे मिळून महिन्याला २० हजारांच्या आसपास धरा, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. वर्षातून दहा वेळाच गाडी लागत असेल आणि भाड्याच्या गाडीला प्रत्येक वेळी ५ हजार पडत असतील, तर तो खर्च ५० हजार होतो. ज्यांना रोज कामावर जायला, आजारी माणसाची ने-आण करायला किंवा व्यवसायाला गाडी लागते, त्यांनी जरूर घ्यावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणाऱ्यांनी थांबावे. मुलीची फी आणि गाडीचा हप्ता यांत ओढाताण होणार असेल, तर आधी फी.

सीएनजीचा हिशेब असा मांडावा. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरातील अॅव्हरेज १५ धरले, तर किलोमीटरला सुमारे ६ रुपये ९० पैसे. सीएनजी ८० रुपये किलो आणि अॅव्हरेज २१ धरले, तर सुमारे ३ रुपये ८० पैसे. किलोमीटरमागे ३ रुपये १० पैसे वाचतात. सीएनजी गाडीला ९३ हजार जास्त द्यावे लागत असतील, तर ते ३० हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. वर्षाला ६ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पाच वर्षे लागतील, तर टुरिस्टवाल्याला सहा महिने. आपापल्या गावचे दर घालून हाच हिशेब करावा.

करासंबंधीही एक गैरसमज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. पण अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आहे, त्यामुळे तिला तो दर लागू नाही. तिच्यावर उपकरासह ४५ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. त्यामुळे १८ टक्क्यांचे गणित कोणी सांगत असेल, तर सावध राहावे.

कागदपत्रांच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवू नये. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दुसरी, कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावे आणि गाडीवरील बोजा उतरवून घ्यावा. अनेक जण हे विसरतात आणि गाडी विकताना अडकतात. तिसरी, भावाभावांनी मिळून गाडी घेतली असेल, तर कोणी किती भरले हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहावे. लिहून ठेवल्याने प्रेम कमी होत नाही, भांडण कमी होते.

घेण्यापूर्वी एवढे करा

शोरूमला एकट्या पुरुषाने जाऊ नये, सगळे घर न्यावे. आजीला मधल्या सीटवर चढून उतरून पाहू द्यावे. सुनेला आणि मोठ्या मुलीला शेवटच्या रांगेत बसवून, एसी लावून, खड्ड्याच्या रस्त्यावरून किमान अर्धा तास चाचणीची फेरी मारावी. घरातील कर्त्या पुरुषानेही तेवढाच वेळ मागे बसावे. परत आल्यावर आधी मागच्यांना विचारावे, मग पुढच्यांना. त्यांचा होकार आला आणि वहीतील हिशेब जमला, तरच सही करावी. आणि गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात घरातील एका तरी भगिनीचे नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालावे.

जयभीम!